तपासणीचे तीन चिमटे

माझ्या घरी एक यादी फ्रिजवर असते, एक पर्समध्ये असते आणि त्या दोन्हींमध्ये काय लिहायचं राहिलंय त्याची तिसरी डोक्यात असते. नवरा म्हणतो, लग्नात हार घालून झाल्यावर मी नक्की कुठेतरी बरोबरची खूण केली असणार. केली नव्हती. त्या दिवशी पेन आईने काढून घेतलं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे त्या वर्षी मी काय सोडलं याची वाचणाऱ्याला कल्पना येईल.

वसई स्टेशनच्या पश्चिमेला, एका मेडिकलच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. हजेरी, फी, प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला. मालक विरारला राहायचे. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं होतं. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सर नव्या कल्पनांचे माणूस होते आणि त्या कल्पना राबवणं, म्हणजे त्यातून निघालेला पसारा आवरणं, हे माझं काम होतं. माझं पद काय होतं ते मला कधीच नीट कळलं नाही. शाळावाले आणि सर मला मॅडम म्हणायचे, ऑफिसातले बाकीचे ताई.

प्रोग्रॅमर दोघं. एक विरारचा, मूळ रत्नागिरीकडचा, वडील बँकेत, फ्लॅट स्टेशनजवळच. ‘रेडी आहे’ हे त्याचं आवडतं वाक्य. दुसरा वसईजवळच्याच नंदाखाल गावचा, ख्रिस्ती घरातला, कमी बोलणारा, पण बोलला की टोचणारा. आणि त्यांनी केलेलं काम शाळेत जाण्याआधी तपासून बघणारी एकच, ती तिथल्याच वटार गावची. सासरी केळीची आणि भाजीची वाडी. तिचा नवरा एकदा ऑफिसात सगळ्यांना केळी देऊन गेला, तेव्हापासून दोघं पोरं तिला वैनी म्हणायला लागली, आणि मग सरसुद्धा. ती आणि नंदाखालचा माझ्याबद्दल कुरकूर करायची असली की आपापल्या घरच्या बोलीत बोलायचे. मला निम्मं कळायचं. तेवढं पुरायचं.

तपासणी म्हणजे काय, हे शाळांना वैनीमुळे कळलं. एकदा दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव छापून येत होतं. विरारचा म्हणाला, “वैनी, एवढं कोण बघतंय?” ती म्हणाली, “ज्याचा दाखला आहे तो आयुष्यभर बघेल.” ती शाळेच्या क्लार्कसारखा विचार करायची. एका बोटाने टाइप करायची, मध्येच फोन घ्यायची, मुद्दाम चुकीची तारीख टाकायची. प्रोग्रॅम कोलमडला की तिला मनापासून आनंद व्हायचा.

आता स्प्रिंट. सर कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि ती पद्धत घेऊन आले. त्याआधी आमची पद्धत अशी होती, की ज्या मुख्याध्यापकांचा आवाज फोनवर मोठा, त्यांचं काम आधी. स्प्रिंटमध्ये तसं नसतं. सोमवारी बसायचं, पुढच्या पंधरवड्यात काय काय करायचं ते ठरवायचं, आणि दुसऱ्या शुक्रवारी ते सगळं पूर्ण करून सरांना दाखवायचं. मध्ये नवीन काही घ्यायचं नाही.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. कोणीतरी माझ्या स्वभावाला परदेशात नेऊन मान्यता मिळवून आणली होती. सोमवारी सकाळी मी यादी करायचे, रंगीत पेनने. भारनियमनाचे तास वेगळ्या रंगात. शुक्रवारी एकेक खूण करताना मला जो आनंद व्हायचा, तो मी कोणाला सांगत नसे, पण तोंडावर दिसायचा असं नंदाखालचा सांगायचा.

त्या दुसऱ्या शुक्रवारी खाणं असायचं. पाळीपाळीने कोणीतरी काहीतरी आणायचं. वैनीची पाळी असली की केळफुलाची भजी, नंदाखालच्याची असली की त्याच्या आईने केलेले तांदळाचे गोड पदार्थ, विरारच्याची असली की खाली जाऊन विकत आणलेले समोसे. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, “समोशात कष्ट दिसत नाहीत.”

पण त्या शुक्रवारचं आमच्यातलं नाव होतं अमावास्या. ते नंदाखालच्याने ठेवलं. त्याच्या घरी अमावास्या कोणी पाळत नसे, ती तो आमच्याकडेच शिकला. कारण असं, की पहिला आठवडा ऑफिसात शांतता असायची. दोघं पोरं आरामात कोड लिहायची, वैनीला तपासायला काहीच नसायचं. ती जुन्या शाळांची माहितीपत्रकं नीट करत बसायची. दुसऱ्या आठवड्यात बुधवार उजाडला की पोरांना आठवण व्हायची, आणि गुरुवार-शुक्रवारी सगळी कामं एकदम वैनीच्या टेबलावर येऊन पडायची. हजेरी, फी, दाखला, सगळं. त्यातली निम्मी चुकलेली निघायची, परत जायची, परत यायची. केळफुलाची भजी गार व्हायची.

अशाच एका अमावास्येला, सगळं आटोपून आम्ही दोघी खाली उतरलो. दुकानं उघडी होती, पण वटारची तिची शेवटची एसटी निघून गेलेली. नवरा मोटारसायकलवरून येईपर्यंत ती मेडिकलच्या पायरीवर उभी राहिली. मीही थांबले.

“ताई, दिवाळीनंतर मी येणार नाही,” ती म्हणाली. अगदी सहज, उद्या भाजी कुठली आणायची ते सांगावं तसं.

मी विचारलं, “घरचे काही बोलले का?”

“काही बोलत नाहीत. तेच तर वाईट.”

मग तिने सांगितलं. संध्याकाळी वाडीतली पालेभाजी येते. तिच्या जुड्या बांधायच्या असतात, पहाटेच्या गाडीने माल जातो. सासूबाई आणि नवरा जुड्या बांधायला बसतात आणि पहिलीतली मुलगी त्यांच्या बाजूला गोणपाटावर पाटी-पुस्तक घेऊन बसते. आई आली नाही तर तिथेच झोपते, न जेवता. “एक दिवस उशीर होणार हे ठरलेलं असतं तर सासूबाई आधी तिला भरवतील. पण कुठला दिवस ते मलाच माहीत नसतं. बुधवारी वाटतं आज लवकर, आणि चार वाजता पोरं फाइली घेऊन उभी.”

“तुला नोकरी सोडायचीय?”

“मला?” ती हसली. “ताई, मी नोकरी सोडली तर दिवसभर जुड्याच बांधेन. मला सोडायची नाहीये. पण हे असं जमणार नाही.”

मोटारसायकल आली, ती मागे बसली आणि गेली. मी घरी जाऊन यादी काढली आणि लिहिलं: वैनी. पुढे काय लिहायचं ते सुचेना. माझ्या यादीत क्रियापद नसलेली ती पहिलीच ओळ असावी.

माझा पहिला उपाय माझ्यासारखाच होता. पंधरवड्याच्या आत मी छोट्या तारखा घातल्या. अमुक काम या मंगळवारी वैनीकडे, तमुक गुरुवारी. तीन रंग वापरले. मंगळवारी विरारचा म्हणाला, “ताई, रेडी आहे. फक्त थोडं बाकी आहे.”

“मग रेडी कुठे?”

“म्हणजे मनात रेडी आहे.”

नंदाखालच्याला विचारलं तर त्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, “ताई, तुम्ही पंधरा दिवस दिलेत. मी लवकर दिलं तर पुढच्या वेळी तुम्ही दहा द्याल.” आणि मी खरंच दिले असते.

दुसरा उपाय सरांचा. त्यांनी पंधरवड्याचा आठवडा केला. छोटी उडी, कमी ओझं, असं त्यांचं म्हणणं. झालं असं, की आता अमावास्या दर शुक्रवारी यायला लागली. महिनाअखेरीला वैनीने माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर चार शुक्रवार काळ्या पेनने भरून टाकले, चंद्राच्या खुणेसारखे, आणि शेजारी लिहिलं: पंचांगात दुरुस्ती करावी.

दिवाळी जवळ येत होती. मी दुसरी एक ओळ लिहून ठेवली: तपासणीला नवीन मुलगी, जाहिरात. लिहिली खरी, पण तिच्यापुढे तारीख घातली नाही.

मग सरांनी इंटरनेटवर काहीतरी वाचलं. एका सकाळी ते फळ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी डावीकडून उजवीकडे एक लांब नागमोडी रेघ ओढली.

“काम नदीसारखं वाहिलं पाहिजे,” सर म्हणाले. “ठराविक मुदतीचे बांध घालायचे नाहीत. एक काम सुटलं की पुढचं घ्यायचं. शाळेला आज गरज आहे तर आज घ्यायचं, पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही. फक्त एक नियम. एका वेळी हातात ठराविकच कामं. जास्त घेतली की तुंबतं.”

“सर, आपल्याकडे नदी नाही,” नंदाखालचा म्हणाला. “खाडी आहे. दोन्ही बाजूंनी पाणी येतं. शाळेत गेलेलं काम ओहोटीला परत आपल्याच दारात.”

सरांनी नागमोडी रेघेच्या दुसऱ्या टोकालाही एक बाण काढला. पटलेली गोष्ट ते लगेच मान्य करायचे, हा त्यांचा गुण.

मला मात्र काही पटलं नव्हतं. पंधरवडा नाही म्हणजे सोमवार नाही, सोमवार नाही म्हणजे यादी नाही, आणि शेवटच्या खुणेचा शुक्रवारही नाही. म्हणजे काम संपणारच नाही कधी, नुसतं चालू राहणार, असं मला वाटलं. मी विचारलं, “मग आपण पुढे आहोत की मागे, हे कळणार कसं?” सर म्हणाले, “किती सुटलं ते बघायचं.” मी म्हटलं, “बरं.” माझ्या ‘बरं’चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता.

पण पोरांची अडचण माझ्याहून मोठी निघाली. विरारच्याने हात वर केला.

“सर, मग खायचं कधी?”

खोलीत एकदम गांभीर्य आलं. तो प्रश्न कोणालाच सुचला नव्हता आणि सगळ्यांनाच पडलेला होता. दुसरा शुक्रवार गेला म्हणजे भजी गेली. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. स्प्रिंटवर एवढी चर्चा कधी झाली नव्हती. शेवटी सरांनी निर्णय दिला: काम शाळेत पोचलं की खाणं. ज्याचं काम पोचलं, त्याला बाकीच्यांनी खायला घालायचं.

याचा परिणाम पुढच्याच आठवड्यात दिसला. आतापर्यंत ‘फीची सगळी पानं’ असं एक अगडबंब काम असायचं, ते आता पोरांनी चिरून त्याचे बारीक तुकडे केले. पावतीवरची तारीख, हे एक काम. थकबाकीची ओळ, हे दुसरं. प्रत्येक तुकडा लवकर सुटायचा, लवकर पोचायचा, आणि हाताला वडापाव लागायचा. इंटरनेटवर हेच लिहिलंय म्हणून सर खूश. मला एक नियम मात्र करावा लागला, की नुसतं अक्षर ठळक केल्याबद्दल वडा मिळणार नाही.

हे सगळं भिंतीवर कसं दाखवायचं, ते माझ्याकडे होतं. फळ्यावर लिहिलेलं पोरं पुसून टाकायची, हे मला माहीत होतं. मी स्टेशनबाहेरून नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे लाकडी चिमटे आणले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आणि खडूने भिंतीवरच तिचे भाग पाडले: घ्यायचं, चालू, तपासणी, शाळेत. प्रत्येक कामाचा एक कार्डाचा तुकडा. कार्ड दोरीवर लावायचं ते चिमट्यानेच. ‘चालू’मध्ये, म्हणजे पोरांच्या भागात, प्रत्येकी दोन चिमटे. तपासणीच्या भागात तीन, कारण वैनी म्हणाली होती, “एका वेळी तीन माझ्या डोक्यात राहतात. चौथं आलं की पहिलं सांडतं.” तपासणीचे तिन्ही चिमटे अडकलेले असतील, तर पोरांनी नवीन काम सुरू करायचं नाही. वैनीच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तपासायला हात द्यायचा.

“आम्ही तपासायचं?” विरारचा म्हणाला. जणू मी त्याला भांडी घासायला सांगितली होती.

“भांडीही घासायची,” वैनी म्हणाली. “चहाचे कप तुझेच आहेत तिथे.”

नवी गंमत म्हणून सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग माझ्या लक्षात आलं, की तपासणीच्या दोरीवर पाच कार्डं लटकताहेत. मोजून तीन चिमटे मी लावले होते. दुसऱ्या दिवशी सात. चिमटे सगळे लाकडीच, पण त्यातले काही जुने, पावसात काळे पडलेले. वैनीची त्या आठवड्यात पुन्हा एसटी चुकली. घरी तिच्या मुलीला ताप होता, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

त्याच दिवशी ऑफिसच्या फोनवर एक बाई आल्या. विरारच्याची आई.

“तुमच्या ऑफिसात चिमटे जमा करायला सांगितलेत का हो? कशासाठी? गरिबांना वाटताय?”

मी म्हटलं, “नाही हो. का?”

“मग आमचे चिमटे परत द्या. काल माझा परकर गॅलरीतून उडून खालच्या मजल्यावरच्यांच्या टीव्हीच्या डिशवर जाऊन बसला. त्यांचा सामना चालू होता. अख्खी बिल्डिंग मला हाक मारत होती. हा म्हणतो, ताईंनी सांगितलंय.”

मी विरारच्याकडे बघितलं. तो एकाग्रतेने कोड लिहीत होता. इतकी एकाग्रता मी त्याच्यात आधी पाहिली नव्हती.

फोन ठेवल्यावर मी दोरीपाशी गेले आणि काळे पडलेले चिमटे एकेक काढून त्याच्या टेबलावर ठेवले. वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही.

“ताई, रिकामं बसवत नाही,” तो म्हणाला. “वैनीकडे तीन अडकलेली असतात, आणि मी काय करू? तुम्ही जाता-येता बघता. सर बघतात. बाबा तर घरी विचारतात, आज काय केलंस. मी काय सांगू, वैनीच्या शेजारी बसून तारखा टाकल्या?”

मी सांगणार होते बरंच काही, पण नंदाखालचा मध्येच म्हणाला, “अरे, तू नवीन काम सुरू करतोस म्हणजे बिझी दिसतोस, आणि वैनी घरी जात नाही. तुझी आई परकरासाठी फोन करते. वैनीची पोरगी कोणाला फोन करणार?”

वैनीने मान वर केली नाही. विरारच्याने चिमटे पिशवीत भरले. दुपारी तो आपली खुर्ची ओढत वैनीच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, “बोला, काय मोडायचं?”

मोडण्यात तो हुशार निघाला. कोड लिहिताना त्याला जे दिसत नव्हतं, ते दुसऱ्याच्या कोडमध्ये त्याला लगेच दिसायला लागलं. नंदाखालच्याच्या कामात चूक सापडली की त्याला समोशापेक्षा जास्त आनंद व्हायचा. मी एकदा त्याच्या बाबांना भेटल्यावर मुद्दाम सांगितलं, की तुमचा मुलगा आता दोन माणसांचं काम करतो. हे खोटं नव्हतं.

आणि मग दिवाळीआधीचा आठवडा आला.

पहिल्या सत्राचे निकाल दिवाळीच्या सुट्टीआधी लागतात. सगळ्या शाळांना एकाच वेळी प्रगतिपुस्तकं हवी असतात आणि त्याच वेळी प्रत्येक शाळेला आठवतं, की आपल्याला त्यात काहीतरी बदलायचंय. एकीला चित्रकलेचा रकाना हवा, एकीला ‘शेरा’ची जागा मोठी हवी, कारण तिथल्या बाई लांबलचक शेरे लिहायच्या. सर कोणालाच नाही म्हणू शकत नसत. शुक्रवारी सकाळी ते बाहेरून आले ते हातात तीन कार्डं घेऊनच, घाईत लिहिलेली. आज संध्याकाळपर्यंत, असं त्यांनी तीन मुख्याध्यापकांना सांगून टाकलं होतं. ते सरळ दोरीकडे गेले.

तपासणीच्या भागात तिन्ही चिमटे अडकलेले होते. पोरांच्या भागातलेही सगळे. सरांनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, चिमटा द्या.”

“चिमटा नाही, सर.”

“अहो, ड्रॉवरमध्ये असतील ना. पाकिटात बारा आले होते.”

बाकीचे चिमटे मी घरी नेले होते. इतके दिवस ते माझ्या दोरीवरचे कपडे धरून होते. तसं मी सांगितलं.

“मॅडम, हे माझं ऑफिस आहे,” सर म्हणाले. रागाने नाही, थोडं आठवण करून दिल्यासारखं.

“हो सर. दोरी तुमची, भिंतही तुमची. पण चिमटा नाही. लावायचं असेल तर एक काढावं लागेल. कुठलं काढू?”

सर दोरीपुढे उभे राहिले. प्रत्येक कार्ड वाचलं. प्रत्येक कार्डाच्या मागे एक शाळा होती आणि प्रत्येक शाळेला त्यांनीच शब्द दिलेला. मी त्यांना कधी इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. वैनी टेबलावरून त्यांच्याकडे नाही, घड्याळाकडेही नाही, पडद्याकडे बघत होती. आजची शेवटची एसटी तिला मिळाली नाही, तर सुट्टीनंतर ती येणार नव्हती. हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं, कारण मी सांगितलं होतं.

शेवटी सरांनी आपल्या हातातली तीन कार्डं माझ्या टेबलावर पालथी ठेवली आणि फोन उचलला. पहिला फोन त्या लांबलचक शेऱ्यांच्या बाईंना. आम्हाला सरांचंच बोलणं ऐकू येत होतं. “बाई, आज नाही होणार... हो, मीच सांगितलं होतं... नाही, सुट्टीनंतर पहिलंच... हो... हो... बरं.”

फोन ठेवून ते आमच्याकडे वळले.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, सकाळीच सांगितलंत ते बरं केलंत. दर वेळी संध्याकाळी सात वाजता सांगता. म्हणाल्या, शेरे यावेळी आखूडच लिहीन, मुलांनाही बरं वाटेल.”

नंदाखालचा खोकला. विरारच्याने तोंड फिरवलं. सरांनी राहिलेले दोन फोन केले, त्यातले एक मुख्याध्यापक चिडले आणि चिडलेलेच राहिले. त्यांचा राग खरा होता आणि सरांनी तो ऐकून घेतला.

त्या दिवशी दोरीवरची तिन्ही कामं एकेक करून सुटली. दोघं पोरं वैनीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसली होती, वाडीतल्या पंगतीत बसावं तशी. चहा मीच केला. पाच वाजून गेल्यावर वैनीने शेवटचं कार्ड काढून ‘शाळेत’च्या भागात लावलं, पर्स उचलली आणि म्हणाली, “जाते.” आणि खरंच गेली. उजेड होता अजून. खिडकीतून मी बघितलं, ती स्टँडकडे चालत होती, धावत नव्हती. तिची पाठ मला आतापर्यंत नेहमी धावतानाच दिसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी यादी केली: चकली, करंज्या, पडदे, काकूंकडे फराळ. आणि खाली ती दोन जुनी कामं, वैनी आणि जाहिरात. येते की नाही हे तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.

सुट्टीनंतर सोमवारी मी लवकर गेले. ऑफिस झाडून घेतलं, दोरीवरची धूळ पुसली, सरांची ती तीन कार्डं ‘घ्यायचं’च्या भागात लावली आणि तपासणीच्या भागात तीन चिमटे रिकामे लटकवले. विरारचा आला, नंदाखालचा आला. दोघांनी तिच्या खुर्चीकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. मी संगणक सुरू केला आणि जाहिरातीचा मजकूर काय असावा याचा विचार करायला लागले.

मग जिन्यावर चपलांचा आवाज आला. वैनी आली, तिच्या हातात मोठी कापडी पिशवी. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली. आत मेथीच्या आणि मुळ्याच्या जुड्या होत्या.

“सासूबाईंनी पाठवल्यात. सगळ्यांना एकेक.”

विरारच्याने एक जुडी उचलली, उलटसुलट बघितली. ती त्याच्या हातातच सुटली आणि मेथी त्याच्या कीबोर्डवर पडली. “वैनी, ही फेल झाली. तपासणी कोणी केली?”

“ती मी बांधलीय,” वैनी म्हणाली. “सुट्टीभर रोज बांधल्यात. आणि शुक्रवारी सहाच्या आत घरी पोचले तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या माहितीय? बरं झालं आलीस, हात कमी पडत होते. पोरगी जेवली, झोपली, आणि मी दोरा घेऊन बसले.” ती माझ्याकडे वळली. “ताई, रोज एवढ्या वेळेवर नका सोडू. महिन्यातून एखादी तरी अमावास्या ठेवा की.”

“चिमटा नाही,” नंदाखालचा म्हणाला.

ती खुर्चीत बसली, संगणक सुरू व्हायची वाट बघत राहिली आणि तेवढ्यात दोरीवरचं पहिलं कार्ड वाचायला लागली. लांबलचक शेऱ्यांच्या बाईंचं होतं ते. मी पर्समधून यादी काढली आणि जाहिरातीची ओळ खोडली. खूण केली नाही, खोडलीच. मग कीबोर्डमधली मेथी निवडायला बसले, कारण विरारचा ती फुंकून काढत होता आणि त्यामुळे ती आणखी आत जात होती.